बंदरं बघायची की बोट?

आमच्या वहिनी यंदा बँकेतून रिटायर झाल्या. निरोपसमारंभाच्या दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला. मुंबई-गोवा-कोची क्रूझची जाहिरात बघितली होती, ‘ऐतिहासिक बंदरांची सागरी सफर’. “बोटीनं जाऊ की तू आईंना नेलंस तसं गाडीनं, थांबत थांबत?” मी दोन्ही केलंय. एका डिसेंबरात सासू-सासऱ्यांसकट सहाजण बोटीनं गेलो, आणि त्याच्या पुढच्या फेब्रुवारीत आई आणि मी दोघीच कोकणरेल्वेनं. त्यांना फोनवर तासभर जे सांगितलं ते इथे लिहून ठेवते, कारण अजून दोघींनी तेच विचारलंय.

आधी घड्याळाचा हिशेब. जाहिरातीत गोवा एक अख्खा दिवस दिसतो. आमची बोट सकाळी आठला मुरगावला लागली आणि संध्याकाळी पाचला सुटणार होती. नऊ तास भरपूर वाटतात. पण उतरायची रांग मजल्यामजल्यानं सोडतात, त्यात पाऊण तास गेला. सुटायच्या तासभर आधी परत बोटीवर असावं लागतं. आणि मुरगाव म्हणजे वास्को. तिथून जुनं गोवं जवळपास तीस किलोमीटर, धक्क्याबाहेर टॅक्सीवाल्याशी घासाघीस करून निघेपर्यंत साडेनऊ. जाऊन येऊन दोन तास वजा केले की हातात उरतात साडेचार, त्यातच जेवण. बॉम जेझूची बॅसिलिका आणि समोरचं से कॅथेड्रल झालं. पणजीतलं फोन्तेन्यस, म्हणजे तिथली जुनी पोर्तुगीज वळणाची वस्ती, टॅक्सीच्या काचेतून. सासूबाई बॅसिलिकेच्या भिंतीला हात लावून म्हणाल्या, “अगो, हा तर आपल्या घराचाच चिरा.” खरंच, गिलावा काढून टाकल्यामुळे बाहेरून नुसता तांबडा जांभा दिसतो. १६०५ सालची वास्तू. त्यांना तिथे जरा बसायचं होतं, आणि मी मनगटावरचं घड्याळ बघत होते.

कोचीचं गणित बरं आहे. बोट विलिंग्डन बेटाला लागते. बंदर खोल करताना काढलेल्या गाळाची भर घालून इंग्रजांनी हे बेट तयार केलं. तिथून मट्टनचेरी आणि फोर्ट कोची रिक्षेनं गाठता येतात. फोर्ट कोचीच्या किनाऱ्यावर चिनी जाळी आहेत, ती फोटोपुरती बघू नका, दहा मिनिटं उभे राहा. लाकडी सांगाड्याच्या एका टोकाला जाळं, दुसऱ्या टोकाला दोरांवर ओळीनं बांधलेले मोठाले दगड. जाळं पाण्यात बुडवून ठेवतात, मग चार-पाच जण मिळून दोर ओढतात आणि दगडांच्या वजनानं ते वर येतं. आमच्यासमोर आलेल्या जाळ्यात मूठभर मासे होते, त्यावर तीन बगळे टपलेले. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाला १५२४ साली पुरलं होतं. पुढे अवशेष लिस्बनला नेले, कबरीचा दगड तेवढा तिथे राहिला.

पण वार बघून घ्या. मट्टनचेरीचं १५६८ सालचं ‘परदेशी’ सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, शनिवारी बंद. मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद. आमची बोट कोचीला पोचली तो वार शनिवार. सिनेगॉगमधल्या हातानं रंगवलेल्या निळ्या चिनी फरशा बघायच्या म्हणून मी सगळ्यांना ज्यू टाउनच्या गल्लीत चालवत नेलं आणि बंद दार दाखवून परत आणलं. बुकिंग करताना कॅलेंडर उघडायला दोन मिनिटं लागतात, तीही मी दिली नव्हती. गाडीनं गेलं असतं तर रविवारी परत गेलो असतो. बोटीला रविवार नसतो.

मग बोटीनं जायचंच कशाला? मुंबईतून निघतानाच्या दोन तासांसाठी, असं मी म्हणेन. बॅलार्ड पिअरहून संध्याकाळी बोट सुटली की वर डेकवर जाऊन उजव्या कठड्याला जागा धरा. गेटवे आणि ताज पाण्यातून, समोरून दिसतात. एरवी आपण त्यांच्याकडे पाठ करून समुद्र बघतो. मग कुलाब्याच्या टोकाचा प्राँग्ज दीपगृहाचा दिवा, आणि काळोख पडल्यावर डावीकडे खांदेरीचा जलदुर्ग. सासरे साठ वर्षं गिरगावात राहिले, पण मुंबईला असं मागे पडताना त्यांनी कधी बघितलं नव्हतं. चार दिवस कोणी विचारलं नाही, आज भाजी काय करायची. नातवंडं स्विमिंग पुलात, सासूबाई जैन काउंटरवरच्या ढोकळ्यावर खूश, सगळीकडे लिफ्ट. गुडघे दुखणारी माणसं बरोबर असतील तर हा मुद्दा बाकी सगळ्यावर मात करतो.

यात एक गंमत आहे. आईची आजी मालवणची. ती मुंबईला आगबोटीनं यायची. ती बोट रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदराबंदराला थांबायची. धक्का नसेल तिथे बोट बाहेर उभी राहायची, आणि माणसं, फणस, कोंबड्या सगळं पडावातून, म्हणजे छोट्या होड्यांतून, किनाऱ्याला जायचं. बोट लागून अर्धे लोक आडवे झालेले असायचे म्हणे. आजची आलिशान बोट ही सगळी बंदरं रात्रीच्या अंधारात मागे टाकते. कोकणच्या माणसाला कोकणकिनारा दाखवायचा असेल तर बोट कामाची नाही, एवढं मी वहिनींना स्पष्टच सांगितलं.

त्यासाठी मांडवी एक्सप्रेस. सीएसएमटीहून सकाळी निघते, दुपारपर्यंत रत्नागिरी, आणि गाडीतलं खाणं हा वेगळाच कार्यक्रम. आम्ही रत्नागिरीला एक रात्र राहिलो. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी इथे आणून ठेवलं होतं, त्याचा राजवाडा बघितला. मग कुडाळला उतरून एसटीनं मालवण. सिंधुदुर्ग १६६४ साली बांधायला घेतलेला. गेल्या वर्षी, जुलै २०२५ मध्ये, मराठ्यांचे जे बारा किल्ले जागतिक वारशात गेले त्यातला हा एक. विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरीही त्यात आहेत. किल्ल्यात चारी बाजूंना खारं पाणी असताना गोड्या पाण्याच्या तीन विहिरी, दूधबाव, साखरबाव, दहीबाव. आई दूधबावीपाशी वाकून बराच वेळ बघत राहिली. होडीवाला इथेही तासाभरात परत या म्हणतो, पण त्याला “पुढच्या होडीनं येतो, दादा” म्हटलं की प्रश्न मिटतो. कोची करायचं तर मडगावहून नेत्रावती किंवा मंगला एक्सप्रेस, गाडीत एक रात्र. तिकिटं साठ दिवस आधी उघडतात. नाताळ, मे महिना आणि गणपती असेल तर त्या सकाळी घड्याळ लावून बसा.

याचा त्रासही सांगते. बॅगा आपणच उचलायच्या. प्रत्येक गावात खोली शोधायची. मालवणात पहिल्या खोलीचा पंखा रात्रभर कुरकुरत होता. सात-आठ दिवस लागतात, बोटीला चार पुरतात. आणि पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद असतात, मे अखेर ते ऑगस्ट अखेर धरूनच चला.

पैशांचं थोडक्यात. बोटीचा जाहिरातीतला आकडा माणशी असतो, तोही दोघांच्या केबिनमधला. त्यावर जीएसटी, बंदराचे चार्जेस, टिप, वायफाय, दारू, किनाऱ्यावरच्या सहली. आमचं बिल मूळ आकड्याच्या जवळजवळ दीडपट झालं. सगळ्यात स्वस्त केबिनला खिडकी नसते, सकाळ झाली हे मोबाइलवरच कळतं. तो मोबाइलही फ्लाइट मोडवर ठेवा, नाहीतर जहाजाचं सॅटेलाइट नेटवर्क पकडून रोमिंगचं बिल येईल. बोट लागणाऱ्यांनी मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची केबिन मागावी, तिथे हेलकावे कमी. डिसेंबर ते फेब्रुवारी समुद्र शांत असतो.

वहिनींचे मिस्टर मध्येच म्हणाले, त्यापेक्षा युरोपची क्रूझ करू. तिथेही हाच हिशेब. कार्यक्रमात ‘रोम’ लिहिलेलं असतं, बोट लागते चिव्हितावेक्कियाला, रोमपासून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर. फ्लॉरेन्ससाठी लिव्होर्नो, ते आणखी लांब. व्हेनिसमध्ये तर ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या बोटींना सेंट मार्क चौकासमोरून जाऊच देत नाहीत. नकाशा बघितल्याशिवाय पैसे भरू नका.

वहिनींनी शेवटी बोटच घेतली. जानेवारी, खिडकीची केबिन, कोचीला मंगळवार. आईंना घेऊन मालवण पुढच्या वर्षी, म्हणाल्या. काल परत फोन होता, बोटीवर भडंग नेऊ देतात का विचारायला.