टँकमध्ये समुद्री गवत लावू की कॉलर्पा?

हा प्रश्न एवढ्यांनी विचारलाय की एकदाचं लिहूनच टाकतो. रत्नागिरीत घरी खाऱ्या पाण्याच्या माशांचा तीन फुटी टँक आहे, त्यात आधी कॉलर्पा (एक समुद्री शेवाळ) होता, आता समुद्री गवत आहे (हॅलोफिला जातीचं). म्हणजे पुढचं सगळं एका टँकवरून सांगतोय, तुमचा अनुभव वेगळा असू शकतो.

कॉलर्पाला काही लागतच नाही. दगडावर नुसता टाकला तरी धरतो, माशांच्या घाणीतून साठणारं नायट्रेट पाण्यातूनच ओढतो, महिन्याभरात टँक हिरवागार. सारखा कापावा लागतो आणि तुटलेला तुकडा कुठेतरी अडकून परत फुटतो किंवा पंपाच्या जाळीत जाऊन बसतो, पण तेवढं चालवून घेता येतं.

मला चाललं नाही ते वेगळंच. हा एवढा पसरलेला दिसतो पण आख्खा एकाच पेशीचा, आणि कधीतरी आतल्या सगळ्याच्या प्रजननपेशी करून पाण्यात सोडून देतो आणि मरतो, मागे नुसती पांढरी पारदर्शक सालं. आमच्याकडे हे झालं नेमकं गणपतीत. आधी तीन आठवडे गडबडीत कापणी राहिली होती, मग पाच दिवस देवगडला गावी, परत येऊन बघतो तर पाणी ताकासारखं आणि दोन्ही क्लाउन मासे मेलेले, पाण्यातला ऑक्सिजनच संपलेला असणार. लाईट चोवीस तास चालू ठेवली की असं होत नाही असं बरेचजण सांगतात. अहो, पावसाळ्यात आपल्याकडे चोवीस तास लाईट? इन्व्हर्टरवर घरचा पंखा चालला तरी पुष्कळ.

समुद्री गवत तसं नाही, ती खरी मुळं असलेली, फुलं येणारी वनस्पती. अन्न बरंचसं रेतीतून घेतं, त्यामुळे नवीकोरी धुतलेली रेती टाकाल तर उपाशीच राहील, जुनी बारीक रेती चार-पाच इंच हवी. आणि ती उकरू नका हां, खालचा काळा थर हलला की सडक्या अंड्याचा वास येतो. सुरवातीला माझी पानं सगळी गळली, दोन महिने बायको विचारत होती, रेतीला कशाला लाईट लावून ठेवलीय? मग एक दिवस रेतीतून पानांची जोडी वर आली, चार बोटांवर दुसरी. पानांवर शेवाळ बसतं, गोगलगायी ठेवल्या की बरं पडतं. नायट्रेट मात्र कॉलर्पाइतकं झटपट उतरत नाही, खोटं कशाला बोलू.

रोप कोणाच्या तरी टँकमधूनच घ्या, मालवणच्या सागरी अभयारण्यातून उपटून आणायचा विचारही नको.

लगेच हिरवं दिसायला हवं असेल आणि कात्री हातात धरायचा कंटाळा नसेल तर कॉलर्पा घ्या, वाईट नाही तो. मी यंदाही गणपतीत पाच दिवस नव्हतो, लाईट मधे दोनदा गेली म्हणे, येऊन बघितलं तर चार पानं पिवळी होती, बस.