ईजियसची तक्रार की हेलेनाचं स्वगत?

शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मध्ये पहिल्याच प्रवेशात संघर्ष पेटवणारी दोन भाषणं आहेत. नाटक खरं पुढे नेणारं यांतलं कोणतं, हा प्रश्न आहे. हर्मियाचा बाप ईजियस अथेन्सचा ड्यूक थिसियस याच्यापुढे गाऱ्हाणं घालतो: तिच्या प्रियकरानं, लायसँडरनं, कविता, अंगठ्या, मिठाई देऊन पोरीला भुलवलं, हर्मियानं आपण निवडलेल्या डिमिट्रियसशी लग्न करावं, नाहीतर अथेन्सच्या कायद्यानं मरावं. यमक नाही, सगळी भाषा मालकीहक्काची. नटानं इथे विनोदी म्हातारा रंगवला की मृत्यूची धास्ती जाते आणि प्रेमिकांना पळून जायला कारणच उरत नाही.

हर्मियाची मैत्रीण हेलेना डिमिट्रियसवर जीव टाकते; तिचं स्वगत प्रवेशाच्या शेवटी येतं, यमकांत बांधलेलं. प्रेम आंधळं असतं, हा भाग लोकांना पाठ असतो. खरी कळ शेवटच्या सहा ओळींत आहे. हर्मिया लायसँडरबरोबर जंगलात पळणार ही बातमी डिमिट्रियसला द्यायची, हे ती तिथे ठरवते. संहिता कापताना नेमक्या त्याच ओळी गेल्या, तर तो जंगलात पोचलाच कसा, हे प्रेक्षकाला कळत नाही.

आमचं मत हेलेनाच्या बाजूनं. बापाचा हट्ट चौथ्या अंकात थिसियस एका वाक्यात मोडीत काढतो. पण तिच्या चुगलीमुळे डिमिट्रियस जंगलात येतो, तिला झिडकारताना पऱ्यांचा राजा ओबेरॉन याला दिसतो, आणि ओबेरॉनच्या हुकमावरून त्याचा खोडकर सेवक पक प्रेमात पाडणाऱ्या फुलाचा रस भलत्याच अथेन्सकराच्या, लायसँडरच्या, डोळ्यांवर पिळतो.