एकाच घरचे दोन हँडेल: ‘सॉल’ पाहावा की ‘थिओडोरा’?

अठराव्या शतकातला संगीतकार हँडेल याचा ऑरेटोरिओ, म्हणजे बहुधा धार्मिक कथेवरची दीर्घ गायनरचना, ऑपेरासारखा रंगमंचावर उभा केलेला पाहायचा आहे आणि हाताशी एकच मोकळी संध्याकाळ आहे, असे कुणी विचारले की माझ्यासमोर इंग्लंडमधल्या ग्लाइंडबोर्न ऑपेरा महोत्सवाचे दोन प्रयोग येतात: पीटर सेलर्स यांनी १९९६ मध्ये बसवलेला ‘थिओडोरा’ आणि बॅरी कॉस्की यांनी २०१५ मध्ये बसवलेला ‘सॉल’, म्हणजे विजयी तरुण दाविदाचा मत्सर करून खचत गेलेल्या, मराठी बायबलमधल्या शौल राजाची कथा. नाट्यगृह एकच आणि ‘ऑर्केस्ट्रा ऑफ द एज ऑफ एन्लाइटनमेंट’ हा वाद्यवृंदही एकच, त्यामुळे तुलना बरीचशी दिग्दर्शकांच्या दृष्टीचीच होते. मी दोन्ही प्रयोग चित्रमुद्रणावर पाहिले आहेत, प्रत्यक्ष नाट्यगृहात नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

वेशभूषा आणि अभिनयाशिवाय गायची ही रचना मुळात रंगमंचावर आणावीच का, हा आक्षेप मला फारसा पटत नाही. ‘सॉल’च्या १७३९ मधल्या संहितेत चार्ल्स जेनेन्स यांनी रंगसूचना लिहिलेल्याच आहेत, शौल दाविदावर भाला फेकतो, तेही त्यात आहे. नाट्य तिथे होतेच, फक्त ते श्रोत्याने मनात पाहायचे होते.

कॉस्कींनी ते डोळ्यांसमोर मांडले आहे, आणि भरभरून मांडले आहे. दाविदाने मारलेल्या महाकाय गल्याथाचे अवाढव्य तुटलेले डोके, खाद्यपदार्थांनी आणि फुलांनी लगडलेली मेजवानीची टेबले, उत्तरार्धात काळोखात तेवणाऱ्या असंख्य मेणबत्त्या: असे दृश्य एकदा पाहिले की सहसा पुसले जात नाही. क्रिस्टोफर पर्व्हस यांचा शौल पाहताना राजा खचतो आहे की आपल्या घरातले कुणी वडीलधारे माणूस खचते आहे, असे वाटून पोटात कालवाकालव होते. येस्टिन डेव्हिस यांचा दावीद शांत आहे आणि त्यामुळे अधिक गूढ वाटतो. ऑरेटोरिओ कंटाळवाणा असतो असे मानणाऱ्या मित्राला बसवून दाखवायचा असेल, तर मी कदाचित ‘सॉल’च लावीन.

तरीही माझे मन तिथे रमले नाही, आणि त्याचे कारण एकच आहे. या प्रयोगात वाद्ये वाजत असताना वरून माणसांचे आवाज येतात: हसणे, चीत्कार, नाचणाऱ्या पावलांचा दणदणाट. नाट्यगृहातल्या प्रेक्षकाला ते उत्सवाच्या भरात खटकत नसतील. रात्री हेडफोन लावून ऐकणाऱ्या मला मात्र ते दर वेळी टोचत राहिले. शौलाने हजारो मारले आणि दाविदाने दहा हजार, असे इस्राएलच्या स्त्रिया गातात त्या प्रसंगासाठी हँडेलने मुद्दाम कॅरिलॉन हे घंटांसारखे किणकिणणारे वाद्य योजले होते. त्या निरागस, पुन्हापुन्हा येणाऱ्या किणकिणाटातच राजाच्या मत्सराची ठिणगी आहे. ज्या संगीतकाराने द्वेषाचा उगम असा स्वरांत पकडून ठेवला, त्याच्या संगीतावर वरून आणखी गलका कशाला, हा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही.

‘थिओडोरा’, म्हणजे रोमन अंमलाखाली श्रद्धेसाठी मरण पत्करणारी ख्रिस्ती तरुणी थिओडोरा आणि तिच्यावर प्रेम करणारा रोमन सैनिक डिडिमस यांची कथा, रंगमंचावर आणणे त्याहून अवघड असावे. १७५० मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात त्या हंगामात त्याचे तीनच प्रयोग झाले. यात घटना कमी आहेत आणि पहिला भाग पुन्हा गायच्या, दा कापो पद्धतीच्या आरिया, म्हणजे एकल गीते, बऱ्याच आहेत. ‘सॉल’मध्ये त्या मोजक्याच. भावना एकदा सांगून झाल्यावर तेच शब्द पुन्हा गाताना पात्राने उभे राहून करायचे काय, हीच दिग्दर्शकाची खरी अडचण असते. संगीत नाटकावर वाढलेल्या आपल्या प्रेक्षकाला पद चालू असताना कथा थांबलेली चालते, किंबहुना तो स्वतःच वन्स मोअर मागून ती थांबवतो. म्हणून सेलर्स यांचा मार्ग आपल्याला लवकर उमगेल असे मला वाटते. ते पात्रांना धावायला लावत नाहीत. गायक आणि कोरस शब्दांबरोबर हातांच्या ठरावीक हालचाली करतात, आणि आरियाचा पहिला भाग परतला की त्या हालचालीही परततात. पहिला अर्धा तास मला हे कृत्रिम वाटले. पुढे लॉरेन हंट यांची आयरीन, म्हणजे थिओडोराची ख्रिस्ती मैत्रीण, पहाटेच्या प्रकाशाची आरिया गाऊ लागली, तेव्हा तोच हात दुसऱ्यांदा उचलला जाताना पहिल्यापेक्षा जड झालेला दिसला, आणि पुनरावृत्ती कशासाठी असते ते मला तिथे कळले.

दोष यातही आहेत. रोमन अंमलदाराला अमेरिकी राज्यकर्ता केल्यामुळे पोशाख आणि संदर्भ आता नव्वदच्या दशकातले वाटतात, आणि कॅमेरा चेहऱ्यांच्या फार जवळ जातो. मात्र विल्यम क्रिस्टी यांच्या संचालनात वाजणाऱ्या संगीताच्या आड काहीही येत नाही. कुठेही डोळे मिटावेत, हँडेल पुरा ऐकू येतो.

ज्यांना दृश्याची भूक अधिक आहे त्यांनी ‘सॉल’ निवडला तर ते चुकले असे मी म्हणणार नाही. माझ्या कपाटातून पुन्हापुन्हा बाहेर निघते ती मात्र ‘थिओडोरा’ची डीव्हीडी, आणि तीही बहुतेक वेळा शेवटासाठी. थिओडोरा आणि डिडिमस यांना विषारी इंजेक्शन देऊन मारले जाते. त्या वेळी ते दोघे अखेरचे युगुलगीत गात असतात, आणि तीन तास बोलत आलेले त्यांचे हात पट्ट्यांनी जखडलेले असतात.