महिना ६९९ रुपयांच्या प्रिंटरनं माझे ५,७३८ रुपये नेले

आकडा आधीच सांगते. ५,७३८ रुपये ५६ पैसे. पैसेसुद्धा लिहितेय, कारण त्यांनी ते सोडले नाहीत. मी जुळे सोलापुरात घरीच आठवी ते दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते. पोरांना शेकडेवारी शिकवते, त्यामुळं हे लिहिताना कान गरम होतायत. पण गेल्या आठवड्यात आमच्याच गल्लीत दुसऱ्या एका घरी तसलाच खोका उतरताना बघितला, मग राहवेना.

डिसेंबरात नवी पेठेत कागदाची रिमं आणायला गेले होते. दुकानातल्या पोरानं विषय काढला. "मॅडम, विकत कशाला घेता? भाड्यानं घ्या. महिना ६९९, शंभर पानं, शाई संपायच्या आत घरपोच." डिपॉझिट १,५००, ते म्हणे परत मिळणारं. आता कुणी म्हणेल, तेव्हाच कळायला हवं होतं. कसं कळणार हो? माझा आधीचा इंकजेट मेच्या सुट्टीत पडून राहिला की सोलापूरच्या उन्हात शाई वाळून बसायची. नवी काडतुसं घ्यायची म्हणजे प्रिंटरच्या निम्मे पैसे. शाई घरपोच येणार म्हटल्यावर कुणीही ऐकलं असतं.

दुसऱ्या दिवशी एकजण मशीन बसवायला आला. वायफाय जोडलं, आणि माझ्या मोबाइलवर यूपीआय ऑटोपेची, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायच्या परवानगीची, विनंती आली. ती स्क्रीन अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. कमाल रक्कम ५,००० रुपये. दर महिना. मुदत थेट दोन वर्षांनंतरची. मी विचारलंसुद्धा, "६९९ सांगितले होते ना, हे पाच हजार कसले?" तो वायर गुंडाळत म्हणाला, "ते सिस्टीममध्ये असतंच मॅडम, कटणार ६९९च." बाहेर पाचच्या बॅचची पोरं चपला काढत होती, आत गॅसवर दूध होतं. मी पिन टाकला. दोन्ही गोष्टी समोर लिहिलेल्या होत्या, पाच हजार आणि दोन वर्षं, आणि मी दूध उतू जाईल म्हणून पिन टाकला! जाता जाता तो म्हणाला, "वायफाय बंद ठेवू नका हां, मशीनला कंपनीशी बोलावं लागतं." यावर मी हसले होते.

अटींची लिंक आली ती पिन टाकल्यावर. इंग्रजीत, १९ पानं. छापून वाचायची म्हटली तर तीही माझ्याच शंभरातून गेली असती.

डिसेंबरात ६२ पानं छापली आणि ८२४ रुपये ८२ पैसे गेले. ६९९ वर १८ टक्के जीएसटी, तो बोलण्यात नव्हताच. उरलेली ३८ पानं पुढच्या महिन्यात येतील असं दुकानातला पोरगा म्हणाला होता, ती आलीच नाहीत. जानेवारीत दहावीच्या सराव पेपरांची १८४ पानं झाली. जादा पानं सुटी मिळत नाहीत, दहाचा गठ्ठा ६५ रुपयांना. ८४ पानांचे नऊ गठ्ठे धरले, एकूण १,५१५ रुपये १२ पैसे. फेब्रुवारीत २३१ पानं, १,८९८ रुपये ६२ पैसे. डिपॉझिट धरून झाले ५,७३८ रुपये ५६ पैसे. आणि पान म्हणजे पान. चाचणीचं पान मोजतात, एका ओळीचं मोजतात, कागद अडकून फाटला तरी मोजतात. शाई किती लागली याच्याशी काही संबंध नाही.

पैसे कापायच्या आदल्या दिवशी मेसेज येतो, मलाही आले होते. लोनच्या आणि साड्यांच्या सेलच्या मेसेजांत कुठं शोधणार? पण तुम्ही शोधा. ऑटोपेला १५,००० पर्यंत दर वेळी पिन विचारत नाहीत, पैसे गुपचूप जातात.

फेब्रुवारीचं बिल बघून मी यूपीआय ॲपमध्ये जाऊन ऑटोपे रद्द केला. (हे करता येतं, कंपनीला विचारावं लागत नाही. आजच तुमच्या ॲपमध्ये ऑटोपेची यादी उघडून बघा.) तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आठ पोरं भूमितीच्या सरावाला बसलेली. मी प्रिंट दिली. कागद आत गेला, अर्ध्यात थांबला, आणि पिवळा दिवा लुकलुकायला लागला. पडद्यावर लिहिलेलं, "तुमचं खातं तपासा." झाकण उघडून काळं काडतूस हातात घेतलं, चांगलं जड होतं. शाई भरलेली, कागद माझा, वीज माझी, आणि कुलूप कुठंतरी लांब बसून त्यांनी लावलेलं. त्या काडतुसात चिप असते, वर्गणी थांबली की मशीन ते चालवतच नाही. बाजारातलं दुसरं घालून बघितलं, तेही चालेना.

पेनड्राइव्ह घेऊन चौकातल्या झेरॉक्सवाल्या अण्णांकडे गेले. डिसेंबरात त्यांनाच ऐटीत सांगून आले होते, आता घरी मशीन आलं म्हणून. "या की मॅडम, बऱ्याच दिवसांनी. मशीन बसलं म्हणता?" दोन रुपये पान. माझी तीन महिन्यांची ४७७ पानं त्यांच्याकडे ९५४ रुपयांत झाली असती.

कंपनीला फोन केला तर म्हणतात २४ महिन्यांचा करार आहे, मध्येच सोडल्याचे ४,२०० लागतील. डिपॉझिट वळतं करून वर २,७०० भरा. त्या १९ पानांत हेही सापडलं की किती पानं छापली, कसली फाइल होती, कुठल्या फोनवरून दिली, सगळं त्यांच्याकडे जातं.

मग सुरू झाली वणवण. चौकीतले साहेब म्हणाले, "ओटीपी कुणाला दिला का? नाही ना? पिन तुम्हीच टाकला, मग ही फसवणूक कशी?" बँकेत गेले तर म्हणे व्यवहार यशस्वी आहे. यशस्वी! एका हेल्पलाइनवर पंचवीस मिनिटं सनई ऐकवली आणि दुसरा नंबर दिला, दुसऱ्यानं पहिलाच नंबर दिला. एका ऑफिसात तक्रार छापून आणा म्हणाले. कशावर छापू? परत अण्णांकडे गेले, चार रुपये. तो अर्ज घेऊन गेले तर संबंधित मॅडम रजेवर. पुढच्या सोमवारी गेले तर त्या मीटिंगमध्ये. तिसऱ्यांदा भेटल्या, अर्ज उलटासुलटा केला आणि म्हणाल्या, "एवढ्याशा रकमेसाठी कशाला डोक्याला ताप करून घेता?" त्यांना काय माहीत, आमच्याकडे एका पोराची महिन्याची फी ६०० रुपये आहे.

वर्गणीत अडकवून बाहेर पडणं अवघड करणं, याविरुद्ध नोव्हेंबर २०२३ पासून सरकारची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, हे मला भाच्यानं दाखवलं, ऑफिसातल्या कुणी नाही. जिल्हा ग्राहक आयोगात, वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर तक्रारीला फी लागत नाही. मी आता तिथंच जाणार आहे. तुम्हाला फोनवरूनच सुरुवात करायची असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. आणि दुकानातलं पोरगं बोलतं ते सगळं व्हॉट्सॲपवर लिहून मागा, माझ्याकडे त्याचा एक शब्द लेखी नाही.

मशीन न्यायलाही कुणी येत नाही. फेकलं तर त्याचेही पैसे लावतील, म्हणून टॉवेल टाकून कोपऱ्यात ठेवलंय. २,७०० चा मेसेज रोज सकाळी येतो, शेवटी सिबिलची धमकी. मी सगळे स्क्रीनशॉट ठेवलेत. सोलापुरात आणखी कुणी यात अडकलं असेल तर सांगा, तक्रार एकत्र करू. आणि करारपत्राची पानं जपून ठेवा, पण छापू नका.