गंगेवरच्या बाजारातली एलपी : मोअर ऑफ द मंकीज

नाशिकला गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात 'मोअर ऑफ द मंकीज' ही एलपी (मोठी तबकडी) पितळी डबे आणि गंजक्या कुलुपांच्या मधे पडली होती. पाचशे सांगितले, साडेतीनशेला दिली. "एकदम क्लीन आहे साहेब." घरी उजेडात धरली तर पहिल्या बाजूला नखाएवढा ओरखडा. दुसऱ्याच गाण्यात सुई अडकते, बोटाने पुढे सरकवावी लागते. साबणाच्या पाण्याने पुसल्यावर खरखर निम्मी झाली. (लेबल कोरडं ठेवा. माझं एका कडेने फुगलंय.)

मंकीज म्हणजे टीव्ही मालिकेसाठी जमवलेला चौघांचा अमेरिकन बँड. मी तीस वर्षं ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतोय, त्यामुळे चौघांतला माझा माणूस पीटर टॉर्क. मालिकेत त्याच्या गळ्यात बेस. न्यूयॉर्कमधल्या ग्रीनिच व्हिलेजच्या कॉफीहाऊसांत बँजो वाजवून तयार झालेला गडी, १९६५ मध्ये एनबीसी वाहिनीच्या या मालिकेसाठी निवडला गेला आणि पडद्यावर भोळा सांब झाला. ड्रमवरचा मिकी डोलेन्झ मुळात बालनट, ड्रम तो या मालिकेसाठी शिकला. आणि गंमत बघा, जो आधीपासून वाजवणारा होता त्यालाच रेकॉर्डवर फारसं वाजवू दिलं नाही. या एलपीत बहुतेक वाजवणं स्टुडिओतल्या भाड्याच्या वादकांचं आहे. जानेवारी १९६७ मध्ये ती चौघांना न विचारताच बाजारात आली आणि अमेरिकेत १८ आठवडे एक नंबरला राहिली.

मलाही एकदा एका मालिकेत हळदीच्या सीनला बेस देऊन उभं केलं होतं. वायर कशालाच जोडलेली नव्हती. दिवसभर नुसती बोटं हलवली, तर पाकीट तीन कार्यक्रमांएवढं. तेव्हापासून पंचवटीत सगळे मला "काय ॲक्टर!" म्हणून हाक मारतात. बेसचं नाव कुणी काढत नाही.

टॉर्कला इथे मुख्य आवाजात एकच गाणं मिळालंय, पहिल्या बाजूचं पाचवं, ग्रिझेल्डा मावशीचं. मधेच तो तोंडाने चित्रविचित्र आवाज काढत सुटतो. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "हा गातोय का गुळण्या करतोय?" गाणं महान नाही, पण मी ते रोज लावतो. दुसऱ्या बाजूला शेवटी 'आय ॲम अ बिलीव्हर' आहे. नील डायमंडची रचना, गातो डोलेन्झ. ओरखडा तिथवर नाही, नशीब. बाकी दोन-तीन गाणी नुसती भरतीची.

आवाजाला पाचपैकी चार, तबकडीला दोन.

त्याच वर्षी, १९६७ मध्ये, रेकॉर्ड काढणाऱ्यांशी भांडून चौघांनी 'हेडक्वार्टर्स' ही एलपी काढली, बरंचसं स्वतः वाजवून. तिच्यात टॉर्कचा बँजो आहे, कीबोर्ड आहे. पुढे १९६८ संपता संपता तो पदरचे पैसे भरून करारातून सुटला. येत्या बुधवारी 'हेडक्वार्टर्स' विचारायला जाणार आहे. या वेळी आधी उन्हात धरून बघणार, मग पाकिटाला हात.