कोलोसियम की वेरोनाचं अरेना? एकच नीट बघायचं असेल तर

इटलीला गेलेली आपली मंडळी कोलोसियमचं तिकीट काढतात आणि रोमन ॲम्फीथिएटर (मधे मैदान, भोवती पायऱ्या असलेलं उघडं प्रेक्षागृह) हा विषय तिथेच संपवतात. मला वाटतं आधी एक ठरवा, ही बिल्डिंग समजून घ्यायचीय की तिच्यात बसायचंय? कारण दोन्ही एका जागी मिळत नाही.

वयाने वेरोना शहरातलं अरेना, म्हणजे तिथलं ॲम्फीथिएटर, मोठं, साधारण इ.स. 30 च्या आसपासचं. कोलोसियम त्यानंतर चाळीसेक वर्षांनी सुरू झालं, सम्राट व्हेस्पेशियनने आधीच्या सम्राट नीरोच्या महालातलं तळं बुजवून तिथे पाया घातला, म्हणजे एका राजाच्या चैनीची जागा पब्लिकला देऊन टाकली, आणि 80 साली त्याच्या मुलाने, टायटसने उद्घाटन केलं तेव्हा 100 दिवस झुंजींचे खेळ चालले. साइझमध्ये तर वेरोना जवळपासही येत नाही, कोलोसियम 188 बाय 156 मीटर आणि उंची 48 मीटर.

पण कोलोसियमची खरी मजा ते तुटलंय यात आहे. 1349 च्या भूकंपात दक्षिणेकडची बाहेरची भिंत कोसळली, दगड लोकांनी बांधकामांना नेले, त्यामुळे आता आतला सांगाडा उघडा दिसतो, एकात एक कमानींचे मजले, मधले गोल पॅसेज, वर चढणारे जिने. खाली 80 कमानी, त्यातल्या 76 वर नंबर कोरलेले, प्रेक्षकाने आपला नंबर बघून आत शिरायचं, वानखेडेच्या गेटसारखंच! काही नंबर आजही वाचता येतात. मैदानाची लाकडी फळी गेल्यामुळे टायटसचा भाऊ डोमिशियनने केलेलं तळघर वरूनच दिसतं, प्राण्यांना वर आणायच्या लिफ्ट इथेच होत्या. भिंतींना भोकं दिसतील ती दगड जोडणाऱ्या लोखंडी पट्ट्या मध्ययुगात उपसून काढल्या त्याची. फक्त बसायच्या पायऱ्या जवळजवळ उरलेल्याच नाहीत, एका कोपऱ्यात थोड्या नव्याने बसवल्यात तेवढ्याच.

वेरोनात बरोब्बर उलटं आहे. 1117 च्या भूकंपात बाहेरची भिंत गेली, चार कमानींचा एक तुकडा तेवढा उभा आहे, पण आतल्या दगडी पायऱ्या शतकानुशतकं दुरुस्त करत आणल्यात, म्हणजे सगळे दगड रोमन नाहीत हे खरं, तरी जागा वापरात आहे हे मला जास्त मोलाचं वाटतं. 1913 मध्ये संगीतकार व्हेर्दीच्या जन्मशताब्दीला इथे त्याचा 'आयडा' हा ऑपेरा झाला तेव्हापासून उन्हाळ्यात ऑपेरा होतो. पायऱ्यांवरची तिकिटं सगळ्यात स्वस्त, तीच घ्या, उशी मात्र सोबत ठेवा, आणि ऑपेरातलं ओ का ठो कळत नसलं तरी हजारो माणसांमध्ये त्या उतारावर बसल्यावर लंबगोल आकार का निवडला असेल ते आपोआप समजतं, कुठूनही मैदान दिसतं.

क्रोएशियाही करणार असाल तर पुला शहरातलं ॲम्फीथिएटर बघा, तिथली बाहेरची भिंत आणि चारही मनोरे शाबूत आहेत, आतमध्ये फार काही नाही.

माझा कौल उन्हाळ्यात वेरोना, तेही शोच्या रात्री. हिवाळ्यात ऑपेरा नसतो, मग सरळ कोलोसियम, आणि तळघराचं तिकीट वेगळं असतं, संपतं पटकन, ते आधीच बुक करा.