क्षीण संकेतांच्या ध्वनिमुद्रणासाठी खिशातला रेकॉर्डर

२२०० मीटर पट्ट्यातील, म्हणजे १३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्झमधील, हौशी रेडिओ संकेत अनेकदा इतके क्षीण असतात की कानाला निव्वळ खरखर ऐकू येते आणि एकेक टिंब ६० सेकंदांपर्यंत लांबवलेला मोर्स संदेश केवळ संगणकाच्या वॉटरफॉलवर, म्हणजे वेळेनुसार सरकत जाणाऱ्या वारंवारतेच्या चित्रावर, पुसट रेघांच्या रूपात उमटतो. रिसीव्हरचा ऑडिओ रात्रभर साठवून सकाळी तपासता यावा, म्हणून मी हा छोटा रेकॉर्डर घेतला.

पहिल्याच रात्री निराशा झाली. विजेचा प्रत्येक कडाका आला की स्वयंचलित ध्वनिपातळी झटकन खाली जाई आणि पुढचे काही सेकंद ती रेघ साफ नाहीशी होई. ही सोय मेनूच्या तिसऱ्या पातळीत दडवलेली आहे. ती बंद केल्यावर मात्र चित्र पालटले. एमपी३ तर वापरूच नये, कारण कानाला न जाणवणारे म्हणून जे वगळले जाते, नेमके तेच आपल्याला हवे असते. १६ बिट, ४८ किलोहर्ट्झ, मोनो डब्ल्यूएव्हीला (काहीही न वगळणाऱ्या फाइलला) तासाला सुमारे ३४६ मेगाबाइट लागतात, हे सोसण्याजोगे आहे.

खरी उणीव रेकॉर्डरला ताल देणाऱ्या आतल्या घड्याळाच्या स्थैर्याची. १५०० हर्ट्झच्या स्वरावर २० पीपीएमचा (दशलक्षात २० भागांचा) फरक म्हणजे ०.०३ हर्ट्झ; ६० सेकंदांच्या टिंबाला सुमारे ०.०१७ हर्ट्झचे विभेदन (जवळच्या वारंवारता वेगळ्या ओळखण्याची क्षमता) लागत असल्याने, खोली थंड होत जाताना रेघ तिरपी होऊन फिसकटते. उपकरण तासभर आधी सुरू ठेवल्यास त्रास कमी होतो. बांधणी उत्तम, बॅटरी ठीक.